दोन जिवाचं खा म्हणणारी माय आणि लेस्टरची मिडवाइफ

परवा रात्री सेलूहून माझ्या चुलत बहिणीचा व्हॉइस मेसेज आला, चांगला चार मिनिटांचा. तिला तिसरा महिना लागलाय, वजन ८० च्या पुढं आहे अन् घरात दोन पार्ट्या पडल्यात. काकू म्हणती आता दोन जिवाची आहेस, हात आखडू नको, आणि नवऱ्याच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की आत्ताच डाएट कर, नाहीतर सिझर ठरलेलंच. मग ही सकाळी काकूच्या समोर तुपातला शिरा खायली आणि रात्री पोट दुखतंय सांगून उपाशी झोपायली. शेवटी म्हणाली, "ताई, तू तर यातून गेलीस, खरं काय ते सांग की." तिला उत्तर टाइप करायला बसले तर ते लांबतच गेलं, म्हणून इथंच लिहिते, आपल्याकडं अशा कितीतरी जणी असतील.

मी परभणीची, लग्नानंतर इथं इंग्लंडमध्ये लेस्टरला आले. दिवस गेले तेव्हा माझं वजन ८१ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ३२ च्या वर. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं, बस. साधारण हिशोबात २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात, पण आपल्या भारतीय बांध्याला शुगर-बीपीचा त्रास कमी वजनातच सुरू होतो म्हणून आपल्यासाठी इथं २३ आणि २७.५ ची रेघ धरतात. म्हणजे मी कुठल्याही हिशोबात वरच्या खणातच.

मला वजनकाट्याची भीती होती, खरं सांगते. भारतात असताना एकदा पाळीच्या त्रासासाठी दवाखान्यात गेले होते, बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिथं मला सुनावलं होतं, "आधी वजन कमी करा, मग या." तपासलंच नाही. ते इतकं मनात बसलं होतं की इथं पहिल्या अपॉइंटमेंटला जाताना मी दोन रात्री झोपले नव्हते. इथं सरकारी दवाखान्यात पहिली भेट डॉक्टरची नाही, मिडवाइफची, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेतलेल्या बाईची असते, आणि ती भेट चांगली तासभर चालते. तिनं घरचं विचारलं, आईला शुगर आहे का, बापाला बीपी आहे का, धुराचा त्रास बघायला एका मशीनमध्ये फुंकर मारायला लावली, आणि मग विचारलं, "वजन घेतलं तर चालेल ना?" चालेल ना! मला तर रडूच आलं.

आकडा बघून ती काही बोलली नाही, कागदावर लिहिलं आणि त्या आकड्यामुळं मला काय काय जास्तीचं मिळणार ते सांगत बसली. फोलिक ॲसिड साधं ४०० मायक्रोग्रॅमचं मी दुकानातून आणून खात होते, ते बदलून डॉक्टरकडून ५ मिलिग्रॅमचं घ्यायला सांगितलं, बारा आठवडे होईपर्यंत. ३० च्या वर बीएमआय असला की तेव्हा इथं हाच डोस द्यायचे, कारण अशा बायकांच्या बाळाला मणक्याच्या दोषाचा धोका थोडा जास्त असतो. व्हिटॅमिन डी रोज १० मायक्रोग्रॅम. आणि २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये शुगरची मोठी टेस्ट, नक्की. म्हणजे काय, तर तो आकडा मला लाज आणायला नव्हता, माझी काळजी कशी घ्यायची ते ठरवायला होता. एवढं कळायला मला सातासमुद्रापार यावं लागलं याचं अजून वाईट वाटतं.

तरी पण मी एक चूक केलीच. उलट्या थांबल्या तशी मी मनाशी ठरवलं की आता वजन उतरवून दाखवायचं. दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री नुसतं सूप, भाकरी-भात बंद. दोन आठवड्यांत डोकं दुखायला लागलं, बसमधून उतरताना अंधारी आली, आणि १६ व्या आठवड्याला लघवीची पट्टी बघून मिडवाइफच्या कपाळावर आठी आली. कीटोन निघाले होते. पोटात पुरेसं गेलं नाही की शरीर अंगातली चरबी जाळायला घेतं आणि त्यातून कीटोन तयार होतात, ते रक्तातून बाळापर्यंत पण जातात. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि सरळ सांगितलं की गरोदरपणात वजन कमी करायचा डाएट करायचा नाही, वजन कितीही असू दे. वजन वाढू द्यायचं, फक्त हळू.

हळू म्हणजे किती, ते अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ मध्ये ठरवून दिलंय आणि बरेच देश तेच बघतात. आधीचा बीएमआय नॉर्मल असेल तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढणं ठीक, २५ ते ३० मध्ये असेल तर ७ ते ११.५, आणि ३० च्या वर माझ्यासारखी असेल तर ५ ते ९ किलो. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला पाव किलोच्या आतबाहेर. मला आधी वाटलं ५ किलोत बाळ कसं बसेल, तर तिनं बोटांवर मोजून दाखवलं: बाळ तीन-सव्वातीन किलो, वार पाऊण किलो, पाणी पाऊण किलो, पिशवी वाढते ते जवळजवळ एक किलो, वाढलेलं रक्त सव्वा किलो, छातीचं थोडं. झाले की सात-साडेसात. बाकीच्या बायकांचं वाढतं ते वरचं वजन म्हणजे दूध पाजायला साठवलेली चरबी, आणि तो साठा माझ्या अंगावर आधीपासूनच होता, नवा करायची गरजच नव्हती.

आणि दोन जिवाचं खा म्हणतात ना, त्याचा हिशोब ऐका. इथं सांगतात की पहिले सहा महिने जास्तीचं काहीच लागत नाही, शेवटचे तीन महिने रोज २०० कॅलरी जास्त. २०० कॅलरी म्हणजे एक मध्यम भाकरी आणि वाटीभर ताक! दुसऱ्या जिवाचा वाटा एवढाच आहे.

२६ व्या आठवड्याला शुगरची टेस्ट झाली. रात्रीपासून उपाशी, सकाळी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं गोड पाणी, दोन तास तिथंच बसून पुन्हा रक्त. इथं शुगर वेगळ्या मापात, मिलिमोलमध्ये सांगतात. उपाशीपोटी ५.२ आलं ते बरं होतं, दोन तासांनंतरचं ८.३. इथली रेघ ७.८ ची, म्हणजे आपल्या भाषेतली १४०, आणि माझं १५० च्या जवळ. गरोदरपणातला डायबेटिस. मी घरी येऊन खूप रडले, मला वाटलं मीच बाळाला काहीतरी केलं. पण नुसतं वजन कारण नसतं, वार जे हार्मोन सोडते त्यानं इन्सुलिनचं काम अडतं, आणि आपल्या लोकांत तर सडपातळ पोरींना पण होतो. शुगर वाढलेली राहिली की बाळ प्रमाणाबाहेर मोठं होतं, डिलिव्हरी अवघड जाते आणि जन्मल्यावर बाळाचीच शुगर एकदम खाली येते, म्हणून सांभाळायचं.

एक छोटं मशीन मिळालं. रोज सकाळी उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर एका तासानं बोट टोचायचं. सकाळी ५.३ च्या आत, जेवणानंतर ७.८ च्या आत, म्हणजे आपले ९५ आणि १४०. बोटाच्या मधोमध टोचलं की लई दुखतं, कडेला टोचायचं, आणि हात धुऊन, कारण गूळ लागलेल्या हातानं मी एकदा १२ आणून ठेवलं होतं.

सातव्या महिन्यात माझी माय आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, येसर, वाळवलेली मेथी, आणि डोक्यात एकच, की पोरीला खाऊ घालायचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होती, तिनं साबुदाण्याची खिचडी केली, भरपूर कूट घालून, आणि शेजारी बसून खायला लावली. एका तासानं बोट टोचलं. माय चष्मा लावून त्या मशीनकडं बघत होती. ९.४. मी काही बोलले नाही, तीच म्हणाली, "एवढीशी तर खाल्लीस की." त्या दिवसापासून मायनं ते मशीन हातात घेतलं ते सोडलंच नाही. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, तिथून आणायची, आणि वहीत लिहून ठेवायची. दीड भाकरी, मुगाची उसळ, मेथीची भाजी, काकडी: ७.१. अडीच भाकरी अन् तीच भाजी: ८.२. म्हणजे भाकरी आहे म्हणून कितीही चालती असं नाही, ज्वारी पण शेवटी धान्यच आहे. भात मुठीएवढा आणि वरण दुप्पट केलं तर चाललं, नुसता वरणभात नाही चालला. शिऱ्यानं तर काय व्हायचं ते झालं. सकाळी चहाबरोबर टोस्ट खाल्ला तर आकडा वर, तेच धपाटं आणि दही खाल्लं तर बरोबर. मिडवाइफनं दिलेल्या पुस्तिकेत पास्ता आणि ओट्स होते, आमच्या मायच्या वहीत सगळं मराठवाडा होतं, आणि दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी तीच वही बघून मान डोलावली.

हे सगळ्यांना खाण्यावरच जमतं असं नाही हं. माझं जमलं. काही जणींना मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन लागतं, त्यात त्या बाईचं काही चुकलेलं नसतं, घ्यायचं सरळ.

दुसरं म्हणजे चालणं. इथं आठवड्याला १५० मिनिटं सांगतात, पण मला जे जास्त उपयोगी पडलं ते जेवण झालं की लगेच पंधरा मिनिटं. ॲबी पार्कमध्ये नदीच्या कडेनं माय आणि मी, ती स्वेटरवर शाल गुंडाळून. किती जोरात चालायचं त्याची खूण सोपी आहे, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणायला दम पुरू नये. पाऊस असला की घरातल्या घरात पॅसेजमध्ये फेऱ्या. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडूच नका, सकाळी सडा टाकायच्या वेळेला नाहीतर दिवेलागणीनंतर गच्चीवर चाला. आधीपासून सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरू करा, आणि रक्त गेलं, पाणी गेलं, चक्कर आली तर थांबून दवाखाना गाठा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, ती मला कुणीच सांगितली नव्हती. एकदा नवीन नर्सनं बीपी घेतलं, १४८ आलं, धावपळ सुरू झाली. तेवढ्यात माझी नेहमीची मिडवाइफ आली, माझ्या दंडाकडं बघितलं, तो पट्टा काढून मोठा पट्टा लावला आणि पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं. १२६. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटं जास्त दाखवतं. उगाच गोळ्या सुरू होऊ शकतात. लाजू नका, मोठा पट्टा आहे का म्हणून विचारा. पण बीपी खरंच वाढलेलं असेल, डोकं जबर दुखत असेल, डोळ्यापुढं चमकत असेल, बरगडीखाली दुखत असेल, तोंड-हात एकदम सुजले असतील, नाहीतर बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघू नका.

डिलिव्हरी ३९ व्या आठवड्याला झाली, मुलगी, ३.१ किलो. माझं एकूण वजन साडेसात किलो वाढलं होतं. जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तिची शुगर बघितली, ती ठीक होती. माझी दोन महिन्यांनी परत तपासली, ती पण ठीक, पण हा डायबेटिस एकदा येऊन गेला की पुढं कायमचा व्हायचा धोका राहतो म्हणून आता दरवर्षी तपासायची आहे.

आता सेलूच्या बहिणीला काय सांगितलं ते लिहिते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे, तिथं जा. तिथं शुगर तपासा म्हणून स्वतःहून म्हण, आपल्याकडं त्याच ७५ ग्रॅम ग्लुकोजवर दोन तासांनी बघतात आणि १४० ची रेघ आहे, उपाशी असायची पण गरज नाही. फोलिकचा डोस डॉक्टरला विचारूनच बदल. वजन उतरवायची इंजेक्शनं आता आपल्याकडं पण निघालीत, ती गरोदरपणात अजिबात नाही, सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याच्या दोन महिने आधीच बंद करायचं असतं. आणि रात्री उपाशी झोपू नको गं माय, ते आधी बंद कर. काकूशी मी स्वतः फोनवर बोलले. काकूला मायच्या वहीचे फोटो पाठवले, आकड्यांपेक्षा मायचं अक्षर बघून त्यांना पटलं असं वाटतं, कारण त्यांनी विचारलं, "मग डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर चालतील ना?" तेव्हाचं तेव्हा शुगर बघून ठरवू म्हटलं.

काल तिचा मेसेज आला. उपकेंद्रात गेली होती, बीपी १३८ आलं, तिनं मोठा पट्टा मागितला. नव्हता. सिस्टरनं दंड बघितला, डायरीत लिहून घेतलं आणि म्हणाली तालुक्याहून मागवते, तोपर्यंत मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात येऊन दाखव. मंगळवारी काकू सोबत जाणार आहे.