आमची वाटचाल: डायल न रंगवणारं दुकान

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे मुळात पुण्यात बुधवार पेठेतल्या एका जिन्याखालची जागा. एकानं बसायचं, गिऱ्हाइकानं उभं राहायचं. वडिलांनी डोळ्याला भिंग लावून उभं आयुष्य तिथे काढलं. तेव्हा लोकांना घड्याळ चालू हवं असे आणि नव्यासारखं दिसायला हवं असे. म्हणून पिवळी पडलेली डायल रंगवायला मुंबईला जायची आणि केस, म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, घासून चकचकीत व्हायची. मीही तेच शिकलो.

नंतर एकदा एक बाई त्यांच्या वडिलांचं फेवर ल्यूबा सी चीफ हे स्विस घड्याळ घेऊन आल्या. मशीन सुरेख होतं. डायलवर चारच्या आकड्याजवळ एक तपकिरी डाग होता. मी न विचारताच डायल रंगवून आणली. बाईंनी घड्याळ हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बाबांचं नाही." मी मशीन उघडून दाखवलं, पण बरोबर त्याच होत्या. रंगवताना जुना थर खरवडून काढतात, तो परत येत नाही. मी पैसे घेतले नाहीत. त्यानंतर आमच्याकडून एकही डायल रंगवायला गेली नाही. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली, वडीलही सुरुवातीला नाराज झाले.

जुनी घड्याळं विकायला लागलो ते एचएमटीमुळे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं बनू लागली आणि २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. मग कपाटात विसरलेली एचएमटीची 'जनता' घड्याळं शोधत तरुण मुलं येऊ लागली, देवनागरी अक्षरांची डायल असली तर जास्तच. मागणी वाढली तसा रंगवलेला मालही वाढला. कारखान्यानं कधी काढलेच नाहीत असे भडक रंग 'जुना स्टॉक' म्हणून जुन्या बाजारात मिळतात.

त्यामुळे आमच्याकडे घड्याळ आलं की आधी डायल भिंगाखाली जाते. कारखान्याची छपाई कडेला धारदार असते, रंगवलेल्या डायलवर अक्षरं फुगतात आणि तारखेच्या खिडकीच्या कडेला रंग साचतो. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नसेल तर तो बहुधा दुसऱ्या घड्याळाचा. मग दिवा बंद करून पाहतो. साठ वर्षांपूर्वीचे चमकते ठिपके आज अंधारात लख्ख दिसत असतील तर ते नंतर भरलेले. जुन्या ठिपक्यांतल्या रेडियमची चमक मरते, पण किरणोत्सर्ग राहतो, म्हणून अशी डायल आम्ही खरवडत नाही. सेको ५ हे जपानी घड्याळ तपासायला सोपं पडतं. झाकणावरचा आणि डायलच्या तळाशी बारीक छापलेला मशीन नंबर एकच हवा. झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो, त्यापुढचा आकडा किंवा अक्षर महिना सांगतं. दशक मात्र मॉडेलवरून ओळखावं लागतं.

काच, स्प्रिंग, चावी बदललेली असली तर मला खटकत नाही, या झिजणाऱ्याच वस्तू. डायल, काटे आणि केसच्या कडा मात्र मूळ हव्यात. पट्टा धरणारे कान एकदा घासून गोल झाले की गेलेला धातू परत येत नाही. डाग असलेली मूळ डायल मी नव्या रंगाच्या डायलपेक्षा केव्हाही जास्त मोलानं घेतो.

पण अस्सल असलं म्हणजे हवंहवंसं असतंच असं नाही. आमच्या खणात बायकांची इवलीशी सोनेरी मुलाम्याची स्विस घड्याळं आहेत, आतून बाहेरून मूळ. वर्षानुवर्षं त्यांना हात लावायला कुणी आलेलं नाही. मला वाईट वाटतं, कारण त्या नखाएवढ्या मशीनमधली कारागिरी मोठ्या घड्याळांपेक्षा अवघड आहे.

आता आमच्या पावतीवर तीन रकाने असतात: मूळ, बदललेलं आणि ठरवता आलं नाही. गेल्या महिन्यात वेस्ट एंड सोवार प्राइमा या एका जुन्या स्विस घड्याळाचे काटे मी तिसऱ्या रकान्यात लिहिले. गिऱ्हाइकानं ते दोनदा वाचलं, घड्याळ घेतलं आणि पावती घडी घालून घड्याळाच्या डबीत ठेवली.