आमची वाटचाल : क्लायंट-होल्डचा जुलै

2022 च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर लावला, तोटा कशातूनच वजा करायचा नाही असं ठरवलं, आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस सुरू झाला. आमचा धंदा या नियमांच्याच पोटी जन्मला. नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या सीएंकडे पोरं क्रिप्टो एक्स्चेंजच्या एक्सेल फायली घेऊन जायची. ओळीच ओळी, आणि कुठल्या विक्रीला कुठली खरेदी लावायची याचा मेळ लागता लागत नसे. मी आणि माझ्या चुलतभावाने गायत्रीनगरला आयटी पार्कजवळ एक खोली घेतली आणि साइट बांधली: फाइल टाका, शेड्यूल व्हीडीएचे, म्हणजे रिटर्नमधल्या क्रिप्टोच्या तक्त्याचे, आकडे घ्या. वॉलेट जोडणं नाही, कोणाचे पैसे ठेवणं नाही, कॉइन विकणं तर नाहीच. पहिले ग्राहक सीएच होते आणि आजही तेच आहेत.

मग एका जुलैत, रिटर्नची घाई ऐन रंगात असताना, एका सीएसाहेबांचा फोन. "काय जी, दुकान बंद केलं काऊन?" भावाच्या मोबाइलवर तर साइट झकास चालू. डॉट कॉमच्या नोंदी काही सर्व्हरच्या आठवणीत दोन-दोन दिवस राहतात, म्हणून कोणाला दिसते, कोणाला नाही. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, नोंद उघडली तर स्टेटस 'क्लायंट-होल्ड'. म्हणजे आमच्या रजिस्ट्रारनेच, ज्या कंपनीकडे नाव नोंदवलं तिनेच, ते डीएनएसमधून, इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतून, काढलेलं. (वरच्या रजिस्ट्रीने, म्हणजे सगळ्या डॉट कॉमची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्थेने, काढलं असतं तर 'सर्व्हर-होल्ड' दिसलं असतं.) सर्व्हर धडधाकट, कोड जागेवर, फक्त पत्ता नाही. मेलही गेले. खुलासा पाठवायचा तो नोंदणीकृत ईमेलवरून, आणि तो ईमेल त्याच डोमेनवर! किल्ली आत ठेवून बाहेरून कुलूप घालण्यातला प्रकार.

कारण एका शब्दात: फिशिंग, म्हणजे खोट्या पानावरून लोकांची गुपितं चोरणं. तक्रार कोणाची, कुठल्या पानाबद्दल, काही नाही. आमचा अंदाज असा की 'वॉलेट इम्पोर्ट' नावाचं पान आणि त्यावरचे एक्स्चेंजचे लोगो कुठल्यातरी स्वयंचलित तपासणीत अडकले असावेत.

रजिस्ट्रारची बाजू मला कळते. सीड फ्रेज, म्हणजे क्रिप्टो वॉलेट उघडणारे गुप्त शब्द, चोरणाऱ्या पानांनी लोकांना नागवलंय, हे खोटं नाही. 5 एप्रिल 2024 पासून आयकॅनच्या (जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या) करारानुसार फिशिंगचा कारवाईजोगा पुरावा आला तर रजिस्ट्रारला तातडीने पावलं उचलावीच लागतात. पण करारात पुरावा म्हटलंय, नुसती तक्रार नाही. आणि जागच्या जागी बंद करा असंही प्रत्येक वेळी म्हटलेलं नाही. खरी गोम पैशात आहे. आमच्यासारखा ग्राहक वर्षाला हजार-बाराशे देतो. आमची फाइल माणसाने वाचायची तर तेवढे पैसे त्याच्या तासाभराच्या पगारात जातात. बटण दाबणं स्वस्त पडतं. मोठ्या एक्स्चेंजला आधी फोन येतो, आम्हाला होल्ड.

जीएसटी प्रमाणपत्र, पानांचे स्क्रीनशॉट, सीएंची पत्रं, सगळं जीमेलवरून पाठवत राहिलो. तोवर दुसऱ्या रजिस्ट्रारकडून डॉट इन घेऊन त्यावर साइट चढवली आणि एकेका ग्राहकाला फोन करून नवा पत्ता सांगितला. काहींनी तोवर हाताने हिशेब उरकले; त्यातले काही परत आलेच नाहीत. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं: खातं पूर्ववत. चूक झाली, असं कुठेच नाही. ऑथ कोड (रजिस्ट्रार बदलायला लागणारा गुप्त आकडा) काढून डोमेन दुसरीकडे हलवलं.

आता नोंदणीचा ईमेल वेगळ्या नावावर आहे, दोन डोमेन दोन रजिस्ट्रारकडे आहेत, आणि एक छोटी स्क्रिप्ट दर तासाला दोन्हींचं स्टेटस बघते. बदललं की फोन वाजतो. ग्राहकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप वेगळा. 'वॉलेट इम्पोर्ट'चं आम्ही 'फाइल चढवा' केलं, लोगो काढले. भावाला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, चोर नसताना आपण तोंड का लपवायचं? लोगो पुढच्या सीझनला परत लावायचे की नाही, यावर आमचा वाद चालूच आहे.