कुष्ठरोग गेला ना? मग शोधता काय?

लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "भाऊ, कुष्ठरोग तर संपला म्हणे. मग तुम्ही अजून घरोघर काय शोधत फिरता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. २००५ च्या डिसेंबरअखेर देशाने गाठलं ते दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढं उद्दिष्ट. त्यालाच 'निर्मूलन' म्हटलं. तेही देशाच्या सरासरीवर. आजही वर्षाला लाखभर नवे रुग्ण देशात सापडतात, जगातले निम्म्याहून जास्त. पण 'निर्मूलन' शब्द कानावर पडला आणि लोकांनीच काय, कित्येक डॉक्टरांनीही विषय डोक्यातून काढून टाकला. अंगावर फिकट चट्टा दिसला की आधी गजकर्णाचं मलम.

पारोळ्याकडे एका ताईंच्या दंडावर असाच चट्टा होता. मलमाच्या ट्यूबा संपल्या, चट्टा जागचा हलला नाही. "दुखस नही, मंग दवाखानामा कसाले जाऊ?" त्यांना अंगणात उजेडाला बसवलं, डोळे मिटायला सांगितले. बॉलपेनचं टोक टेकेल तिथे बोट ठेवायचं. चट्ट्याबाहेर बोट बरोबर पडायचं. चट्ट्यावर टोक टेकवलं, तर ताई वाटच बघत बसल्या. "लावा ना भाऊ!" चट्टा बधिर, म्हणजे कुष्ठरोग. हा रोग नसा खातो, म्हणून कोपरामागची नस चाचपली; ती सुजलेली नव्हती. म्हणजे हात वाचला. सहा महिन्यांच्या गोळ्या, त्याही फुकट. घरातल्यांना तपासून, त्यांना रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिन या औषधाचा एक डोस. (पथकात आशाताई हवीच. पाठीवरचा चट्टा बाई परक्या पुरुषाला दाखवत नाही.)

जंतू शिरल्यापासून लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीसही लागतात. त्यामुळे रुग्णांच्या नुसत्या आकड्यावर माझा भरवसा नाही. नव्या रुग्णांत लहान मुलं किती (म्हणजे लागण अजून चालू आहे) आणि बोटं वाकडी झाल्यावर सापडलेले किती (म्हणजे शोधायला उशीर झाला), हे मी आधी बघतो. वर्षानुवर्षं शून्य रुग्ण दाखवणाऱ्या गावातून एकदम वाकड्या बोटांचा माणूस आला, तर तिथे कुणी नीट बघितलेलंच नसतं.

आणि आमच्याकडची खरी डोकेदुखी म्हणजे ऊसतोड. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं निघून जातात. पथक गेलं की दाराला कुलूप. त्या घरांची यादी ठेवा, माणसं उन्हाळ्यात परतली की पुन्हा जाऊ, असं मी दर बैठकीत म्हणतो. उत्तर ठरलेलं: मोहिमेची तारीख संपली.