शुक्रवारी रात्री लावलेला १९३०

"बाबा, हे शेअर तुमच्या डीमॅटला दिसतात का?"

सूनबाईने विचारलेला हा एकच प्रश्न. जून २०२५ मधली शुक्रवारची रात्र. मुलगा आणि ती जेवायच्या वेळेला पुण्याहून सांगलीला आली होती, आणि मी उत्साहाने तिला मोबाइलवरचा आकडा दाखवत होतो. दोन महिन्यांत दहा लाखांचे ४१ लाख ३० हजार.

माझं जुनं डीमॅट खातं आहे, कारखान्यात असताना घेतलेले थोडे शेअर त्यात पडून असतात. तिने मला शेअरची नोंद ठेवणाऱ्या सीडीएसएलच्या साइटवर लॉगिन करायला लावलं. पासवर्ड आठवेना, नवीन करण्यात वीस मिनिटं गेली. पान उघडलं तेव्हा जुन्या चार कंपन्यांचे शेअर तेवढे होते. ॲपमध्ये दिसणारे अकरा नवे शेअर तिथे नव्हते. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आपल्याकडे शेअर घेतला की तो सीडीएसएलला नाहीतर एनएसडीएलला जमा होतो. तिथे नसेल तर तो घेतलेलाच नाही."

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली. रसाचं ब्रिक्स, पोल स्वतः काढल्याशिवाय आकडा वहीत लिहिला नाही. इथे दोन महिने मी दुसऱ्याने दाखवलेला आकडा खरा मानत होतो. याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे.

सुरुवात फेसबुकवरच्या जाहिरातीने झाली. तिथून व्हॉट्सॲप ग्रुप, ११८ माणसं. रोज सकाळी 'सर' बाजाराचा अभ्यास समजावून सांगायचे, संध्याकाळी लोक नफ्याचे स्क्रीनशॉट टाकायचे. पहिले तीन आठवडे कुणी पैसे मागितले नाहीत. सरांनी सांगितलेले दोन शेअर खरंच वर गेले, ते मी माझ्या नेहमीच्या खात्यातून घेतले होते. तिथे माझा विश्वास बसला. मग 'इन्स्टिट्यूशनल अकाउंट'ची गोष्ट निघाली : परदेशी संस्थेच्या खात्यातून घेतलं की शेअर स्वस्तात मिळतो, आयपीओ, म्हणजे कंपनीचे पहिल्यांदा विक्रीला येणारे शेअर, हमखास लागतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचं प्रमाणपत्रही पाठवलं. त्यावरचा नोंदणी क्रमांक खरा होता, पण तो भलत्याच संस्थेचा होता. सेबीच्या साइटवर नाव, पत्ता, ईमेल सगळं असतं. मी फक्त क्रमांक पाहिला आणि समाधान मानलं.

मला नंतर समजलं की परदेशी गुंतवणूकदारांच्या नावाने चालणाऱ्या अशा ॲपबद्दल सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच इशारा दिला होता. भारतात राहणाऱ्या माझ्यासारख्याला तो मार्ग, काही मोजके अपवाद सोडले तर, खुलाच नाही. आणि आयपीओचे पैसे तर शेअर लागेपर्यंत आपल्याच बँक खात्यात अडकून राहतात, कुणाला पाठवावे लागत नाहीत. हे मला माहीत होतं. आधी दोन आयपीओ मी तसेच भरले होते. तरी विचार केला नाही.

पहिल्यांदा ५० हजार भरले, त्यातले ८ हजार काढून बघितले, दुसऱ्या दिवशी खात्यात आले. मग २ लाख, मग ४ लाख. प्रत्येक वेळी खातं वेगळं, कुठल्या तरी परराज्यातल्या 'ट्रेडर्स'चं. शेवटी आयपीओचे अर्जापेक्षा जास्त शेअर लागले म्हणाले, उरलेले साडेतीन लाख आज भरा, नाहीतर खातं गोठेल. शुक्रवारी दुपारी बँकेत आरटीजीएसची स्लिप भरली. काउंटरवरच्या मॅडमनी नाव वाचून विचारलं, "कोण आहेत हे?" 'नातेवाईक म्हणा' असं ग्रुपवरच्या असिस्टंटने आधीच लिहून ठेवलं होतं. मी तसंच सांगितलं.

रात्री हे सगळं उलगडल्यावर मला त्या सरांना फोन करून जाब विचारायचा होता. सूनबाईने हात धरला. "त्यांना कळलं तर ग्रुप पुसून टाकतील." आधी तिने चॅट एक्स्पोर्ट केलं, ॲपच्या प्रत्येक पानाचे आणि नंबर दिसतील असे प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घेतले. मुलाने तोवर १९३० लावला, सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हेल्पलाइन नंबर. तिसऱ्या प्रयत्नाला लागला, तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते. पलीकडच्या ताईंनी माझा खाते क्रमांक, रक्कम, तारीख, समोरचं खातं विचारलं आणि म्हणाल्या, "यूटीआर सांगा." यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा असतो. माझे हात कापत होते, वाचता येईना. तेव्हा हिने, माझ्या बायकोने, स्लिप माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि एकेक अक्षर, एकेक शून्य मोठ्याने वाचलं. पैसे एफडीत आहेत असं तिला वाटत होतं. त्या स्लिपवरची रक्कम तिने त्या क्षणी पहिल्यांदा पाहिली. फोन ठेवेपर्यंत ती मला एक शब्द बोलली नाही, आणि नंतर फक्त म्हणाली, "अहो, जेवून घ्या."

पोचक्रमांकाचा एसएमएस आला. चोवीस तासांत cybercrime पोर्टलवर उरलेली माहिती भरायची असते, ती आम्ही त्याच रात्री एक वाजेपर्यंत भरली. सोमवारी बँकेत लेखी अर्ज दिला, मग सायबर पोलीस ठाण्यात. गुन्हा नोंदवायला दोन चकरा झाल्या. तिथल्या साहेबांनी कोऱ्या कागदावर बाण काढून पैसा कसा पळतो ते दाखवलं : पहिल्या खात्यातून पाच खात्यांत, तिथून पंधरा-वीस खात्यांत, शेवटी एटीएमवर नाहीतर चेकने रोख.

त्या कागदावर माझ्या चार रकमांची चार गती होती. शुक्रवारच्या साडेतीन लाखांतले २ लाख ६० हजार पहिल्याच खात्यात होल्ड झाले होते. अकरा दिवसांपूर्वीच्या चार लाखांतले तिसऱ्या थरातल्या एका खात्यात ३८ हजार सापडले. त्याआधीचं काहीच नाही. नऊ-दहा तासांत जे वाचलं, ते अकरा दिवसांनी शोधून मिळालं नाही. सूनबाईसमोर लाज वाटून मी ती रात्र गप्प बसलो असतो, तर तेही गेलं असतं.

होल्ड झालेले पैसे आपोआप येत नाहीत. वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करावा लागला. एफआयआरची प्रत, बँकेचं स्टेटमेंट, होल्डचं पत्र जोडलं. पोलिसांचा 'से', म्हणजे अर्जावरचं म्हणणं, यायला दोन तारखा गेल्या. हमीपत्र लिहून दिलं, आदेश निघाला, तो बँकेपर्यंत पोचायला आणखी तीन आठवडे. फेब्रुवारीत २ लाख ९८ हजार खात्यात आले. बाकीचे सात लाख मिळालेले नाहीत, तपास चालू आहे.

मधल्या काळात एका 'रिकव्हरी एजन्सी'चा फोन आला. माझी रक्कम त्यांना बरोबर माहीत होती, १० टक्के आगाऊ भरा, सगळे परत आणतो म्हणाले. तोही नंबर मी पोलिसांना दिला.

आता १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांना यूपीआयवर '@valid' असलेला वेगळा पत्ता मिळाला आहे, आणि 'सेबी चेक'वर समोरचं बँक खातं खरंच त्या संस्थेचं आहे का ते बघता येतं. माझ्या वेळी ही सोय असती तर मी बघितलं असतं का, याचं उत्तर मला खात्रीने देता येत नाही. पण आता एक रुपयाही पाठवण्याआधी बघतो.

ही गोष्ट मी लपवली नाही. कट्ट्यावर, कारखान्याच्या निवृत्तांच्या बैठकीत, सगळीकडे रक्कम सांगून बोललो. मागच्या महिन्यात रात्री आठला कारखान्यातल्या पॅन सेक्शनचा माझा जुना सहकारी दारात आला. घरात यायला तयार नव्हता. चपलांपाशीच उभं राहून त्याने मला मोबाइल दाखवला, तसाच ग्रुप, तसेच सर.

"शेवटचे कधी पाठवलेस?"

"आज दुपारी. दीड लाख."

पासबुक तो पिशवीतून घेऊनच आला होता. १९३० मी लावून दिला, आणि यूटीआर हिने वाचला.