मिरजेची गीता

सांगली, वसुबारस

काल रात्री पुण्याहून लेकीचा फोन आला आणि दरवर्षीप्रमाणे तिने विचारले, "बाबा, दिवाळीला तुमच्यासाठी काय आणू?" सदरे पुष्कळ आहेत, एवढे सांगून मी विषय टाळला. मनातले बोललो असतो, तर तिने फोन आईकडे द्यायला सांगितले असते. मला १८०५ साली मिरजेत छापलेली भगवद्गीता हवी आहे.

पुण्याच्या दरबारात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट असताना नाना फडणवीसांना छपाईच्या कलेची ओढ लागली, आणि एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरायला शिकवून गीता छापण्याचा घाट त्यांनी घातला. मार्च १८०० मध्ये नाना गेले आणि काम अर्ध्यावर राहिले. पुढे तो तांबट मिरजेस आला व गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने त्याने ते तडीस नेले. त्याच वर्षी, १८०५ मध्ये, तिकडे बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी, म्हणजे एकेक अक्षराच्या धातूच्या ठशांनी, छापून निघाले. छपाईची पुढची सारी वाट खिळ्यांचीच होती, हे मला मान्य आहे. पण जीव अडकला आहे तो पत्र्यावरच्या अक्षरांत.

खिळे सोडवून पुन्हा दुसऱ्या मजकुरासाठी जुळवता येतात. पत्र्यावर कोरलेले पान मात्र जन्मभर तेच पान राहते. गीतेचे श्लोक सातशे, आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसावे तसे उलटे कोरायचे! आरंभीचाच शब्द 'धृतराष्ट्र'. त्यातला 'ष्ट्र' सुलटा लिहितानाही शाळेत आमची बोटे अडखळत, तो या माणसाने छिन्नीने उलटा कसा उतरवला असेल, या विचारात मी कित्येकदा रात्री जागा राहिलो आहे. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारे सोडून तंबोरे घडवले, हे गावात कोणीही अभिमानाने सांगेल. तांबटाची आठवण मात्र आम्हा जन्माने मिरजकर असलेल्यांनाही क्वचितच होते.

वाचायला माझ्याकडे गीतेच्या चार प्रती आहेत आणि त्यांतली एक तर पाठ्यपुस्तकापेक्षाही स्वस्तात मिळाली होती. तेव्हा ही हाव वाचकाची नाही. त्या कागदावर बोट ठेवून 'ष्ट्र' एकदा जवळून पाहावा, एवढीच ती आहे.

सौभाग्यवतींना आज हे सांगितले, तेव्हा करंजीचे सारण परतता परतताच त्या म्हणाल्या, "आणि ठेवणार कुठे?" प्रश्न बिनतोड होता. २०१९ च्या महापुरात खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके फुगून एकमेकांना चिकटली, आणि ती फेकताना मी पाठ फिरवून उभा होतो. भिंतीवरची पाण्याची रेघ रंगाखालून अजून दिसते. दोनशे वर्षे जपलेला ग्रंथ कृष्णेच्या इतक्या जवळ आणून ठेवण्याचा मला अधिकार आहे असे, खरे सांगायचे तर, वाटत नाही.

संध्याकाळी गाय-वासराची पूजा आटोपल्यावर मीच लेकीला फोन केला आणि गीतेची सारी हकिकत सांगितली. "ती गीता विकत घेऊ नकोस," मी म्हणालो, "फक्त तिची प्रत कुठे पाहायला मिळेल, एवढे शोधून दे. आपण दोघे जाऊ." ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "बाबा, तांबटाचं नाव काय होतं?"