ओपनिंगची खबरबात: पावलं दिसली, घर मात्र उडालं

पावलं दिसली. सूर्य बुडून पंधरा-वीस मिनिटं झालेली, एकही दिवा लावलेला नाही, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर स्वच्छ काळी पावलं. आमच्या भुताच्या फिल्मचा हा पहिला शॉट. तिन्हीसांजेला वाळूतली पावलं कॅमेऱ्यात दिसतच नाहीत असं गेल्या खेपेला लिहिलं, तेव्हा 'पुळणीवरचं ओपनिंग सोडा, एखादा पडका वाडा बघा' असा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. मात्र त्याच संध्याकाळी शॉटचा शेवट आमच्या हातून गेला. कारण इतकं चांगलं आहे की मला त्याचं वाईटसुद्धा वाटत नाहीये. ते पुढे सांगते.

शॉट तोच आहे. मालवणजवळच्या तोंडवळीची पुळण म्हणजे वाळूचा किनारा, तिन्हीसांजेची वेळ, समुद्रातून बाहेर आलेल्या पावलांची एकच ओळ. पाण्यात जाणारी पावलं कुठेच नाहीत. ओळ वर सुरूच्या बनात शिरते आणि घराच्या पायरीशी थांबते. नव्वद सेकंद, संवाद नाही, मग टायटल.

कागदावर हे एका वाक्यात लिहून होतं. वाळूतलं पाऊल आपल्याला दिसतं ते त्याच्या सावलीमुळे, आणि सूर्य गेल्यावर उजेड सगळ्या आभाळातून सारखा येतो. खड्डा आहे पण सावली नाही, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी खड्डाच नाही. आधीच्या टेस्टमध्ये आमची भुताची वाट म्हणजे करड्या वाळूवर थोडी जास्त करडी वाळू होती. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवून पाहिला, तर पावलांच्या आधी नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, दिसायला लागला. डे-फॉर-नाइट, म्हणजे दिवसा शूट करून रात्र भासवणं, तेही झालं: दुपारी दोन स्टॉप अंडर म्हणजे मुद्दाम अंधारं, व्हाइट बॅलन्स ३२०० म्हणजे निळसर. पावलं सुरेख येतात, पण लाटांच्या फेसावर ऊन असं चमकतं की रात्र कुणालाही पटणार नाही. डोंगरात, जंगलात ही युक्ती चालत असेल. समुद्र चुगली करतो.

मग सगळ्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे जमिनीलगत आडवा दिवा. बाजूनं घासून जाणारा उजेड प्रत्येक खळगा उठावदार करतो, हे खरंच आहे. उलांडीच्या होडीआड दिवा लपवायचा असं ठरवून आम्ही एक एलईडी पॅनल भाड्यानं आणलं. ते मंद केलं की फ्रेमभर पट्टे फिरायला लागायचे. देणाऱ्याचं म्हणणं, कॅमेरा खराब आहे. आम्ही २५ फ्रेम आणि १/५० शटरवर होतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर घरातले दिवे त्या सेटिंगला निमूट राहतात. हा दिवा तर बॅटरीवर होता, तरी नाचत होता, कारण स्वस्त पॅनल मंद होताना उजेड कमी करत नाही, भराभर चालू-बंद होतं. दिवा घेताना तो पूर्ण ताकदीवर बघू नका. दहा टक्क्यांवर आणा आणि मोबाइलचा कॅमेरा समोर धरा, लगेच कळतं.

दिव्याचा नाद सुटला तो मात्र पट्ट्यांमुळे नाही. आमचं शूट मार्गशीर्षात आहे, आणि नोव्हेंबर ते मार्च हा आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा हंगाम. पुळणीवर उजेड असला तर मादी वर येता येता परत फिरते, आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालायला लागतात. नव्वद सेकंदांसाठी ते पाप कोण घेणार? तेव्हा दिवे नाहीत, हे पक्कं ठरलं. आणि दिवे नाहीत म्हटल्यावर आम्ही वाळूकडे जरा नीट बघायला लागलो.

पुळणीवर पावलाच्या दृष्टीनं तीन पट्टे असतात. पाण्याच्या काठाला वाळू इतकी भिजलेली असते की पाय उचलला की खड्डा आपला आपण भरून येतो. वरच्या सुक्या वाळूत नुसता खळगा पडतो, त्यात बोटं नाहीत की टाच नाही. मधला जो ओला पण घट्ट पट्टा असतो, तिथे पाऊल साच्यात ओतल्यासारखं उमटतं. हा पट्टा ओहोटीत रुंदावत जातो, आणि समुद्रानं नुकताच पुसलेला असल्यामुळे कोरा असतो. कुत्री नाहीत, पर्यटक नाहीत, टायरच्या खुणा नाहीत. फार उशीर केला तर बारक्या कुर्ल्या बाहेर येऊन वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घालतात. ती दिसते छान, पण प्रत्येक टेकला वेगळी.

म्हणजे हवं काय, तर ओहोटी चालू असताना सूर्यास्त. इथे आजोबांचा हिशोब कामी आला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. तो हिशोब मुंबईच्या पाण्याला बसतो. भरती किनाऱ्यानं दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून आमच्याकडे साधारण तासभर आधी. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, तास वजा केला की दुपारी साडेबारा, त्यात सव्वासहा तास मिळवले की पावणेसातच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. मार्गशीर्षात सूर्य सहानंतर थोड्याच वेळात बुडतो. म्हणजे आपल्याला हवा तो निळा उजेड असतो तेव्हा पाणी अजून मागे सरकतच असतं. तृतीयेला वेळ आणखी पाऊण-एक तास पुढे. इनकॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, थोड्या मिनिटांचा फरक आला. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, तक्ता चुकला असेल.

पक्ष कोणता, हे मात्र तक्ता सांगत नाही. शुद्ध द्वितीया-तृतीयेला चंद्रकोर नेमकी पश्चिमेला, आपल्या फ्रेममध्ये (कॅमेरा आता समुद्राकडे तोंड करून आहे, का ते पुढे). एका संध्याकाळी ती नखाएवढी, दुसऱ्या संध्याकाळी जाड आणि वर. दोन दिवसांचे शॉट जोडूच शकत नाही. वद्य पक्षात चंद्र डोंगराकडून उगवतो, तोही आपलं काम आटोपल्यावर. म्हणून मार्गशीर्ष वद्य द्वितीया आणि तृतीया. राखीव दिवस चतुर्थी. त्या दिवशी अर्ध्या टीमची संकष्टी, चंद्रोदयापर्यंत उपास, म्हणजे शूटवर वडापावचा खर्च नाही. आमचा प्रोड्यूसर आता चतुर्थीलाच शूट करू म्हणतोय.

आता पावलं कशी दिसली ते. त्या संध्याकाळपर्यंत कॅमेरा समुद्राकडे पाठ करून होता, कारण शेवटी घर दिसायला हवं होतं. त्या संध्याकाळी कॅमेरावाला वैतागून ट्रायपॉड मिटवत होता आणि कॅमेरा वाळूवर ठेवलेल्या बॅगेवर तसाच चालू होता, तोंड पश्चिमेला. मी सहज स्क्रीनकडे पाहिलं. ओली वाळू खालून बघितली की आरसा होते, मागच्या आभाळाचा उरलासुरला सगळा उजेड त्यात उतरतो. आणि पाऊल म्हणजे त्या आरशाला पडलेलं भोक. सावलीची गरजच नाही! उजळ निळ्या पट्टीवर काळी पावलं, एकामागे एक, थेट पाण्यापर्यंत.

दोन गोष्टी लिहून ठेवा. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर हवा. कमरेएवढा वर नेला की आरसा नाहीसा होतो. आणि समुद्रावर सवयीनं लावतात तो सीपीएल फिल्टर काढा, कारण त्याचं कामच चमक मारायचं आणि आपल्याला नेमकी चमकच हवी. लेन्स आपली गरिबाची ५० एमएम, एफ १.८. ती पूर्ण उघडली तर दोन-तीन पावलंच फोकसमध्ये राहतात, म्हणून २.८वर आणली. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत, म्हणजे आपल्या अक्षांशावर बावीस-तेवीस मिनिटं मिळतात. त्यातली शेवटची दहा सर्वात सुंदर. प्रत्येक टेकला पुळणीवर वीसेक पावलं पुढे सरकायचं. मागे सगळा समुद्रच, त्यामुळे जागा बदलली हे कुणालाही कळत नाही.

पाण्यात जाणारी पावलं नकोत म्हणून आमचा नट पाण्याकडे उलटा चालत जातो, पुढे बाजूच्या खडकांवरून निघून येतो. बाहेर आल्यासारखी ओळ तयार. आम्ही ती बघत खूश होऊन उभे असताना रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, आबा आले. त्यांनी ओळ पाहिली, वाकले, परत पाहिली.

"कोणाची रे ही पावला?"

मी सांगितलं, "भुताची, आबा. समुद्रातून आलंय."

"इलो खंय? ह्यो गेलो हा. पाटमोरो चलत गेलो." आणि त्यांनी दाखवलं: पावलं फार जवळजवळ, ओळ किंचित वाकडी, आणि प्रत्येक पाऊल उचलताना बोटांनी काढलेला ओरखडा. सरळ चालणारा माणूस असं उमटवत नाही.

आम्ही सगळे गप्प. आधी मनात आलं, मेलो, आता पावलं सरळ उमटवायची म्हणजे नटाला पाण्यातून बाहेर यायला लावायचं, आणि त्याआधी तो पाण्यात जाणार कसा? होडीतून? बरं, होडी आणायची कुठून? हे सगळं बोलत घरी निघालो. बनात पोचेपर्यंत साउंडवाली म्हणाली, "अगं, पण हेच ओपनिंग आहे ना?"

आहेच! प्रेक्षक साठ सेकंद समजतोय की समुद्रातून काहीतरी बाहेर आलंय. मग फ्रेममध्ये एक म्हातारा वाकतो आणि सांगतो, कोणी आलं नाही, गेलाय. म्हणजे हा माणूस समुद्राकडे पाठ करून, गावाकडे बघत बघत आत गेला. तो कुणाकडे बघत होता, हा प्रश्न घेऊनच टायटल यायला पाहिजे. त्यापुढे घराची पायरी, कर्र आवाज करणारं दार, सगळं फिकं वाटायला लागलं. म्हणून घर उडालं. त्यासाठी शोधलेला जुना कंदील कुणाला हवा असेल तर द्यायला तयार आहे.

संवाद मालवणीतच राहील, आणि तो आबाच म्हणतील. त्यांचं म्हणणं, रापण ओढायच्या दिवशी बोलावू नका, बाकी कधीही.

जाता जाता एका जुन्या वादाबद्दल. आमच्यातल्या एकाला अजूनही आचऱ्याच्या गावपळणीवर, म्हणजे सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातो त्या प्रथेवर, ओपनिंग हवंय: रिकामी घरं, रिकामे गोठे, तीन दिवस तीन रात्री गावात चिटपाखरू नाही. दृश्य जबरदस्त आहे, मान्य. पण वेशीबाहेरच्या झोपड्यांत त्या रात्री भजनं चालतात, मुलं हुंदडतात, चुलीवर जेवणं शिजतात. देवाच्या हुकमानं काढलेली ती गावाची सुट्टीच आहे म्हणा ना. त्यात भूत घुसवायला माझं मन घेत नाही. तीच गोष्ट देवचाराची. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री चुकलेल्याला वाट दाखवणारा राखणदार तो. शहरातली मंडळी येऊन त्याला दात लावतात तेव्हा चीड येते.

साउंडची प्रगती थोडक्यात. समुद्राची गाज सगळं गिळते, त्यामुळे आबांचं वाक्य नंतर बनाच्या आड वेगळं घेणार. जुन्या टेडीचं कातडं सोलून माइकला चढवलंय, वारा बऱ्यापैकी अडतो. ओल्या पावलांचा आवाज भिजवलेल्या गोणपाटावर अनवाणी चालून मिळाला, खऱ्या वाळूपेक्षा खरा. आणि सुरूच्या बनातून वारा जातो तेव्हाची ती बारीक शीळ मध्यरात्री एकदा इतकी छान मिळाली की पार्श्वसंगीताला सध्या रजा दिलीये.

राहता राहिला नट. नव्या ओपनिंगमध्ये तो दिसत नाही, पण पावलं पाण्यात खोलवर जायला हवीत, आणि ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. त्यात हा पाठमोरा, लाट त्याला दिसणार नाही. म्हणून गुडघ्यापर्यंतच, त्यापुढे एक पाऊल नाही, आणि कमरेला दोर. दोर फ्रेमच्या बाहेर उजवीकडे राहील, पण तो वाळूवर घासला तर पावलांशेजारी रेघ उमटेल, तेव्हा धरणाऱ्यानं तो सतत वर उचलून धरायचा. आबांचा पुतण्या त्याला तयार झालाय. रोज जाळी ओढतो, दंडात ताकद आहे. अट एकच, टायटलमध्ये नाव पाहिजे, तेही डायरेक्टरच्या आधी.