ताणलेल्या हृदयपेशीसोबत पीएचडी – माझा अनुभव

मी जर्मनीत पीएचडी केली, विषय असा की हृदयाला ताण किंवा धक्का बसला की ठोक्यांचा ताल कसा बदलतो. घरचे विचारायचे, ठोके तर विजेवर चालतात ना, मग ताणाचा काय संबंध? संबंध आहे आणि जुनाच आहे, बेनब्रिज ह्या शरीरशास्त्रज्ञाने 1915 मध्येच दाखवलं होतं की हृदयात परत येणारं रक्त वाढलं, म्हणजे हृदय जास्त ताणलं गेलं, की ठोकेही वाढतात. पण मला झपाटलं ते कमोशिओ कॉर्डिसने. छातीवर बॉल बसतो, बरगडी शाबूत, हृदयाला जखम नाही आणि तरी धडधाकट पोरगा जागीच कोसळतो. 1998 ला डुकरांवरच्या प्रयोगात दिसलं की ईसीजीतल्या टी वेव्हच्या (ठोक्यानंतर हृदय पुढच्यासाठी पुन्हा तयार होतानाची लाट) शिखराआधी 30 ते 15 मिलिसेकंद, एवढ्याशा वेळात तडाखा बसला तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांची नुसती थरथर, सुरू होतं. तोच तडाखा जरा मागेपुढे बसला की तसं होत नाही!

माझं काम मात्र एकेका पेशीवर होतं. सशाच्या सायनस नोडमधल्या (हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात तो भाग) पेशी एन्झाइमने सुट्या करायच्या, मायक्रोस्कोपखाली आपणहून धडधडणारी एखादी शोधायची, तिच्या दोन्ही टोकांना केसाहून बारीक कार्बन फायबर टेकवायचे आणि ते चिकटले की एक हळूच सरकवून पेशी 5-10 टक्के ताणायची. जास्त दाबलं की पेशी आक्रसून गोळा होते, कमी दाबलं की निसटते, आणि ताजी पेशी काही तासच टिकते म्हणून जेवणबिवण सगळं नंतर. पहिलं वर्ष जवळजवळ ह्यातच गेलं, एक आलेख नाही हातात, रडू यायचं खरंच.

मग एकदा नीट पकड बसली आणि ताणल्याबरोबर ठोके थोडेसे वाढलेले स्क्रीनवर दिसले. सशात वाढतात, उंदरात उलट कमी होतात, हे आधी वाचलेलं होतं पण डोळ्यांनी बघणं वेगळंच. ताणाने उघडणारी चॅनेल्स (पेशीच्या आवरणातली, विद्युतभारित कण ये-जा करतात ती दारं) पेशीच्या व्होल्टेजला शून्याच्या जरा खालच्या पातळीकडे ओढतात, त्यामुळे पेशी त्या क्षणी ठोक्याच्या कुठल्या टप्प्यात आहे त्यावर सगळं ठरतं, म्हणजे इथेही पुन्हा वेळच. टॅरँटुला कोळ्याच्या विषातलं एक पेप्टाइड ही चॅनेल्स बंद करतं, 2001 मध्ये त्याने सशाच्या हृदयातलं एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची थरथर) रोखल्याचं छापून आलं होतं, भारी वाटतं मला हे अजूनही.

कुणाला ह्यात यायचं असेल तर गाईडला आधीच विचारा की पेशी सुट्या करायला शिकवणारं माणूस लॅबमध्ये आहे का, नुसतं प्रोटोकॉल वाचून ते हातात येत नाही.